साताऱ्यात नव्याने राहायला आलोय: गावातलं काय काय पाहू?

बिऱ्हाडकरू

नमस्कार मंडळी. जूनमध्ये माझी बदली झाली आणि आम्ही साताऱ्यात बिऱ्हाड मांडलं. नवरा, मी आणि सासूबाई. घर शाहूनगरात, स्वयंपाकघराच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो.

आल्यापासून ज्याला त्याला एकच विचारतेय, "इथे बघण्यासारखं काय?" उत्तरं पाठ झालीत आता. कास, ठोसेघर, सज्जनगड, महाबळेश्वर. कास पाहिलं, छानच आहे. पण हे सगळं गावाबाहेरचं. सातारा म्हणजे मराठ्यांची राजधानी होती ना? मग राजधानी कुठेय? मला रोज दिसतं ते पोवई नाक्यावरचं ट्रॅफिक आणि मोती चौकातली पेढ्यांची दुकानं.

अडचणी दोन. एक, हातात फक्त रविवार. दुसरी, सासूबाईंचे गुडघे. पायऱ्या जमत नाहीत, पण त्यांना घरी ठेवून गेलं तर सोमवारपर्यंत बोलणं बंद. इतिहासाची आवड खरं तर त्यांनाच आहे.

जाणकारांनी वाट दाखवावी. यादी नको, गोष्ट सांगा.

गोडोलीचा_गडी

वैनी, पयली गोष्ट. शाहूनगरात राहताय म्हणजे शाहू महाराजांच्या नगरात राहताय असं समजू नका 😄 तुमचं शाहूनगर म्हणजे आमच्या डोळ्यांदेखत झालेल्या कॉलन्या. थोरल्या शाहूंनी वसवलेलं शाहूनगर म्हणजे तिकडं राजवाड्याच्या अंगाच्या पेठा. मंगळवार, शुक्रवार, शनिवार, यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा. त्या पेठांनी पायी फिरा आधी. गाडी घिऊन जाऊ नका, लावायला जागा मिळत न्हाय.

बिऱ्हाडकरू

हे मला आठ महिन्यांत कुणीच सांगितलं नाही! सासूबाई तर अमरावतीला सगळ्या नातेवाइकांना सांगून बसल्यात की सून शाहू महाराजांच्या गावठाणात राहते.

करंजेकर

सुरुवात किल्ल्यापासूनच करा. सासूबाईंची काळजी नको, गाडी जवळजवळ दरवाजापर्यंत जाते. वर गेल्यावर मंगळाईच्या देवळापर्यंत सावकाश चालता येईल. तिथून गाव असं दिसतं की नकाशाची गरज नाही.

आता गोष्ट. किल्ला मूळचा शिलाहार राजा दुसरा भोज याच्या वेळचा, साधारण ११९० सालचा मानतात. शिवाजी महाराजांकडे तो १६७३ साली आला. खरा प्रसंग मात्र १६९९ च्या डिसेंबरातला. औरंगजेब स्वतः चालून आला आणि किल्ल्याला वेढा पडला. बादशहाची छावणी उत्तरेला होती. कुठे? आमच्या करंज्यात. पश्चिमेच्या बाजूला शहजादा आजमशहा उतरला, त्या जागेचं नाव शहापूर. शहापूर हे नाव गावात पाण्याच्या योजनेमुळे सगळ्यांना माहीत आहे. नळाला पाणी आलं नाही की शहापूरच्या नावाने बोटं मोडणारे आपण, पण हा 'शहा' कोण हे विचारणारा मला अजून भेटलेला नाही.

किल्ल्यावर प्रयागजी प्रभू होते. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. पहिला उडाला त्यात प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि माणसांनी त्यांना उकरून जिवंत बाहेर काढलं. दुसऱ्या सुरुंगाने बुरूज आत पडायचा तो बाहेर पडला, तटाखाली चढाईला दबा धरून बसलेल्या मोगलांवरच. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ दोन हजारांहून जास्त माणसं गेल्याचं लिहितो. आकडा सोडा, पण मंगळाईजवळ उभं राहून खाली पाहिलंत तर काय झालं असेल ते अंगावर येतं.

तरी एप्रिल १७०० मध्ये किल्ला द्यावा लागला. दाणागोटा संपला होता, आणि मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले होते. आजमशहाच्या हाती आला म्हणून मोगलांनी नाव ठेवलं आजमतारा. पुढे किल्ला परत आपल्याकडे आला आणि १२ जानेवारी १७०८ ला शाहू महाराजांनी इथे स्वतःला राज्याभिषेक करून घेतला. राजधानी डोंगरावरून खाली पायथ्याला उतरली ती त्यांच्याच कारकिर्दीत. तुम्ही विचारलंत ना राजधानी कुठेय? ती उतारावर आहे. पेठांमधून चालताना सारखी चढ-उतार लागते ती त्यामुळेच.

पहाटपक्षी

काका, दंडवत. करंज्यात जन्म गेला, हे आज कळलं.

सतरा_की_सात

'सातारा' नावाचं कुणी सांगेल का? आमच्या शाळेत सांगायचे सात तारे. घरी आजोबा सांगायचे सतरा: सतरा बुरूज, सतरा दरवाजे.

करंजेकर

दोन्ही ऐकीव. किल्ल्यावर जाऊन दरवाजे मोजा, सतरा भरत नाहीत. मी मोजलेत. 'तारा' म्हणजे डोंगर-किल्ला असंही म्हणतात. एवढं खरं की आधी नाव किल्ल्याचं, मग गावाचं.

गोडोलीचा_गडी

काकांनी मोजलं म्हंजे संपलं.

जुनं_दप्तर

धागा आवडला. मी सदतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

राजवाडा चौपाटी म्हणून तुम्ही ज्या मैदानाशी भेळ खायला जाता तिथे पाठ वळवून उभ्या राहा. मागे दोन राजवाडे आहेत, जुना आणि नवा, एकमेकांना लागून. जुना प्रतापसिंह महाराजांनी बांधला, १८२० च्या दशकात. शेजारचा नवा त्यांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांचा. दोन वाड्यांच्या मधल्या भिंतीत साताऱ्याच्या राज्याचा शेवट आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं, आणि मांडीला मांडी लावून रेसिडेंट, म्हणजे आपला प्रतिनिधी, बसवला. तो पहिला रेसिडेंट म्हणजे वर काकांनी ज्याचा उल्लेख केला तो जेम्स ग्रँट डफ. प्रतापसिंह नुसते नामधारी बसायला तयार नव्हते. शाळा काढल्या, रस्ते केले, पाणी आणलं, स्वतः रोजनिशी लिहीत. १८३९ मध्ये कटाचा आळ घालून त्यांना पदच्युत केलं आणि काशीला धाडलं. तिथेच १८४७ मध्ये गेले. गादी मिळाली अप्पासाहेबांना. १८४८ च्या एप्रिलमध्ये तेही गेले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतलेला होता, तो डलहौसीने मानला नाही. संस्थानं खालसा करायच्या त्याच्या धोरणात पहिला बळी सातारा. झाशी, नागपूर नंतरची. हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतं. इथे त्याच्या दाराशी आपण भेळ खातो.

या सगळ्यात एका माणसाला विसरू नका, रंगो बापूजी गुप्ते. प्रतापसिंहांची बाजू मांडायला हा माणूस लंडनला गेला आणि जवळजवळ चौदा वर्षं तिथे राहिला. धनी वारले, राज्य गेलं, तरी अर्ज चालूच. १८५३ च्या सुमारास परत आला. १८५७ मध्ये इथे उठावाची जुळवाजुळव केली, बातमी फुटली, तो निसटला आणि पुन्हा कधीच कुणाला दिसला नाही. बाकीचे सापडले. ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर १७ जणांना मारण्यात आलं. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी.

किल्ल्याला जाताना पायथ्याशी चारभिंती लागेल. संध्याकाळी तिथे पोरं सेल्फी काढत असतात. प्रतापसिंहांनी राजस्त्रियांना दसऱ्याची मिरवणूक पाहता यावी म्हणून ती बांधली असं सांगतात. आता ते १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. किल्ला करून उतरताना थांबा, चढताना नको. क्रम बदलला की अर्थ बदलतो.

मी_सदर_बझार

सर, त्याच राजवाड्यातल्या शाळेबद्दल राहिलं.

जुनं_दप्तर

राहिलं नाही, मुद्दाम ठेवलं होतं. इथेच सरकारी हायस्कूल भरायचं. ७ नोव्हेंबर १९०० ला इंग्रजी पहिलीत एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर त्यांची सही आहे. आता शाळेचं नाव छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात तो या नोंदीमुळे. रजिस्टर शाळेने जपून ठेवलंय.

मी_सदर_बझार

आणि त्यांच्या आईची, भीमाबाईंची समाधी आमच्या बाजूला आहे. रामजी सुभेदार कुटुंब घेऊन इथे आले, आणि भीमाबाई इथेच गेल्या. शाळा पाहिलीत तर तिकडेही या. एकटी शाळा पाहून अर्धंच कळतं.

बिऱ्हाडकरू

तुम्ही लोकांनी मला कामाला लावलंय. दोन रविवारांचा हिशेब देते.

पहिला रविवार, किल्ला. सासूबाई मंगळाईपर्यंत आल्या. मध्ये तीन वेळा बसल्या, पण आल्या. करंजेकर काकांचं लिखाण मी फोनवर मोठ्याने वाचून दाखवलं, तटाच्या कडेला उभं राहून. बाजूला एक कॉलेजचा ग्रुप होता, तेही गप्प उभे राहून ऐकत होते. बुरूज बाहेर पडला या वाक्याला एका मुलाने चक्क शिट्टी मारली. उतरताना चारभिंती. सरांचं म्हणणं पटलं.

दुसरा रविवार, पेठा आणि राजवाडा. इथे जरा निराशा झाली हे प्रामाणिकपणे सांगते. बाहेरून लाकूडकाम सुंदर, पण बराच भाग बंद, काही ठिकाणी पडझड. सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे असतं तर एव्हाना पाडून कॉम्प्लेक्स केलं असतं, निदान उभं तरी आहे." यावर काय बोलणार.

आता एक प्रश्न. नकाशात कोरेगावच्या बाजूला 'सातारा रोड' नावाचं गाव दिसतं. सातारा इथे, मग सातारा रोड तिकडे वीसेक किलोमीटरवर कसा? माझ्या ऑफिसात कुणाला सांगता आलं नाही.

गोडोलीचा_गडी

पाडळी स्टेशन म्हंत्यात त्याला. आमच्या मामाचं गाव.

जुनं_दप्तर

वा, योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. मीटरगेजच्या काळात पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी साताऱ्यात येतच नसे. गावाला जवळचं स्टेशन ते, पाडळीचं. साताऱ्याला जायच्या रस्त्यावरचं स्टेशन म्हणून 'सातारा रोड'. गावापासून सुमारे दहा मैल, पुढे टांगा. ब्रॉडगेज करताना मार्ग वळवला आणि माहुलीजवळ आताचं सातारा स्टेशन आलं. गावाने मात्र नाव सोडलं नाही.

त्या दहा मैलांची एक आठवण बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे. साल १९०१. वडील तेव्हा खटाव तालुक्यात नोकरीला होते, दुष्काळी कामावर तलाव खणला जात होता तिथे कॅशियर. मुलांना सुट्टीत बोलावलं. मुलं नवे कपडे घालून साताऱ्याहून दहा मैल टांग्याने स्टेशनवर गेली, गाडीने मसूरला उतरली. वडिलांना पत्र वेळेत पोचलं नव्हतं, घ्यायला कुणी नाही. स्टेशन मास्तरने चौकशी केली, जात कळली आणि त्याचा चेहराच बदलला. बैलगाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडं आणि वर अट, की गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान शेजारून चालणार. रात्रभर पाणी मिळालं नाही. बरोबर जेवण होतं, पाण्यावाचून खाता आलं नाही.

वर्गात मी हा प्रसंग नकाशा काढून सांगायचो. सातारा, पाडळी, मसूर. ज्या गावांतून मुलं रोज एस्टीने शाळेत येत होती त्याच गावांची नावं फळ्यावर आली की वर्ग शांत व्हायचा.

पहाटपक्षी

सर... मी मसूरचा जावई. त्या स्टेशनवर कितीदा चहा प्यायलोय.

नांगरफाळ

सातारा रोडची अजून एक ओळख. कूपरचा कारखाना. आमच्या आजोबांकडे कूपरचा लोखंडी नांगर होता. सर धनजीशा कूपर मूळचे साताऱ्याचेच पारशी. १९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या, काँग्रेसने आधी मंत्रिमंडळ बनवायला नकार दिला, तेव्हा काही महिन्यांसाठी मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान हे झाले. मुख्यमंत्री नाही, त्या वेळी पंतप्रधानच म्हणत. मग जुलैमध्ये बाळासाहेब खेर आले. या जिल्ह्याने मुख्यमंत्री किती दिले यावर कट्ट्यावर पैजा लागतात, पण कूपरांचं नाव कुणी घेत नाही.

रानजाई

राजे, किल्ले, मंत्री झाले. आता पाण्याचं बोलू का?

डोंगराच्या पोटातलं हे गाव. पाऊस भरपूर, पण सगळा उतारावरून वाहून जाणार. म्हणून जुन्या गावात पाणी वरून आणायची सोय होती. यवतेश्वर आणि महादऱ्याच्या बाजूने खापरी नळांनी पाणी खाली यायचं, पेठांमधल्या हौदांत पडायचं. पंप नाही, काही नाही, नुसता उतार. नंतर इंग्रजी अमदानीत कासचा तलाव झाला, तोही त्याच तत्त्वावर. आजही कासचं पाणी गावात येतं ते उताराने. तुम्ही ज्या कासला फुलं बघायला गेलात तिथला तलाव म्हणजे शनिवार पेठेतल्या घागरीची सोय. फुलं २०१२ च्या जागतिक वारसा यादीमुळे प्रसिद्ध झाली, तलाव आधीपासून राबतोय.

गावातली तळी पाहा. मंगळवार तळं, मोती तळं, फुटकं तळं. आणि महादऱ्याला हत्ती तळं आहे. राजाचे हत्ती तिथे धुवायला न्यायचे. सकाळी सातच्या आत जा. फुलपाखरं इतकी असतात की सासूबाई गुडघे विसरतील. शेवटपर्यंत गाडी जात नाही पण चाल सपाट आहे.

गोडोलीचा_गडी

फुटक्या तळ्यात गणपती बसतो आमचा, पाण्यात मंडप घालून 🙏

रानजाई

त्यावर मी मुद्दाम काही बोलले नव्हते 😐

करंजेकर

दोघांनी इथे भांडू नये. विसर्जनाचा वेगळा धागा आहे, सहाशे प्रतिसादांवर थांबलाय.

वाघनख्या

संग्रहालय कसं काय सुटलं सगळ्यांच्या यादीतून? बसस्थानकासमोरच आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं आली ती आधी आपल्याकडे. रांगा रस्त्यावर आल्या होत्या. ही वाघनखं तिकडे गेली कशी? ग्रँट डफकडून. हा साताऱ्याचा रेसिडेंट असताना त्याला ती भेट मिळाली असं पेटीवर लिहिलेलं आहे, आणि त्याच्या वंशजांनी ती संग्रहालयाला दिली. अफजलखानाच्या वेळची तीच का, याची खात्री देता येत नाही असं ते संग्रहालय स्वतःच म्हणतं. यावर इथे वाद नको. मला गंमत वाटते ती वेगळी. एक वस्तू साताऱ्यातून निघाली आणि दोनशे वर्षांनी, उसनी का होईना, साताऱ्यातच येऊन बसली.

बिऱ्हाडकरू

म्हणजे धाग्यात ग्रँट डफ तिसऱ्यांदा आला. सासूबाई विचारतायत, हा माणूस इथे राहून लिहीत होता की गोळा करत होता?

जुनं_दप्तर

दोन्ही. प्रकृती ढासळल्यावर परत गेला आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला. त्यासाठी लागलेले कागद इथले. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, प्रश्न वर्गात हवा होता.

माहुलीघाट

आता माझी पाळी. इतकी चर्चा झाली आणि माहुलीला कुणी गेलंच नाही. गावापासून जेमतेम पाच किलोमीटर. कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथे. एका काठाला संगम माहुली, पलीकडे क्षेत्र माहुली. विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलेलं. घाट पाहा, दीपमाळ पाहा. रामशास्त्री प्रभुणे या माहुलीचे. सासूबाईंना त्यांची गोष्ट वेगळी सांगायची गरज नसणार.

नदीचं पात्र उतरलं की समाध्या दिसतात. पावसाळ्यात जाऊ नका, काही दिसत नाही. माघ-फाल्गुन उत्तम. शाहू महाराजांची समाधी इथली, आणि त्यांच्या कुत्र्याचीसुद्धा. खंड्या त्याचं नाव. शिकारीत वाघापासून महाराजांचा जीव वाचवला म्हणून त्याला पालखीचा मान दिला. डफने याच्यावरही लिहिलंय (चौथ्यांदा!): एकदा दरबारात बडे सरदार यायचे होते, तर महाराजांनी कुत्र्याला जरीचे कपडे, दागिने घातले आणि आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि त्यानंतर स्वतः कधी पगडी घातली नाही. लोक हसून सोडून देतात. मला त्यात सरदारांना मारलेला टोमणा दिसतो. सत्ता पेशव्यांकडे सरकत होती, राजाला कळत होतं.

ताराऊ

हसून सोडून द्यायची गोष्ट दुसरीच आहे. माहुलीला येणारा प्रत्येक जण कुत्र्याची समाधी विचारतो. ताराराणींची समाधी तिथेच आहे, ती शंभरात एखादा विचारतो. वरच्या इतक्या प्रतिसादांत त्यांचं नाव एकदाही आलेलं नाही, शोधून पाहा. १७०० मध्ये नवरा गेला तेव्हा ऐन पंचविशीत होत्या, आणि औरंगजेबाशी सात वर्षं राज्य लढवलं. करंजेकर काकांनी 'किल्ला परत आपल्याकडे आला' असं लिहून टाकलं. आपोआप आला का?

करंजेकर

चूक मान्य. त्यांच्याच कारकिर्दीत परत घेतला. वाक्य दुरुस्त करता येत असतं तर केलं असतं, पण संपादनाची मुदत संपली.

ताराऊ

मनापासून आभार. आणि शेवटही याच गावातला. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज गेले, गादीवर रामराजे बसले, ताराराणींनीच पुढे केलेले. पटेना म्हटल्यावर १७५० मध्ये त्यांनी रामराजांना किल्ल्यावर बोलावून तिथेच कैदेत टाकलं. तेव्हा वय पंचाहत्तर. पेशवा पुण्याहून काय करणार होता? तडजोड करावी लागली. १७६१ च्या डिसेंबरात, पानिपताच्याच वर्षी, त्या साताऱ्यात गेल्या. किल्ल्यावर त्यांच्या वाड्याचे अवशेष दाखवतात. बिऱ्हाडकरू, पुन्हा किल्ल्यावर जाल तेव्हा मंगळाईच्या आधी तिथे थांबा.

बिऱ्हाडकरू

थांबणार. आणि गेल्या रविवारी आम्ही माहुलीला होतो, म्हणून एवढ्यात लिहिलं नाही. पाणी उतरलंय. समाध्या शोधत होतो तर घाटावर कपडे धुणाऱ्या एका मावशींनी हाताने दाखवलं, "ती कुत्र्याची, आन ती थोरल्या राणीसाहेबांची." म्हणजे त्या घाटावर दोन्ही माहीत आहेत, ताराऊ. न माहीत असणारे आपण गाडीने येणारे.

सासूबाई पायऱ्यांवर बसून राहिल्या. मी म्हटलं चला, ऊन झालं. म्हणाल्या, थांब, रामशास्त्री इथेच लहानाचे मोठे झाले असतील ना. अर्धा तास हलल्या नाहीत.

लिंबकर_वहिनी

आता आमच्याकडे या! लिंबची बारा मोटेची विहीर. पुण्याच्या रस्त्याने सोळा-सतरा किलोमीटर, मग आत वळायचं. शाहू महाराजांच्या घरातल्या वीरूबाईंनी बांधून घेतली, शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४. शिलालेख आहे. अष्टकोनी, पन्नास फूट व्यास, एकशे दहा फूट खोल. एका वेळी बारा मोटा चालायच्या, पाणी आमराईला जायचं. नवल म्हणजे विहिरीतच महाल आहे. पाण्याच्या वर दालन, खांबांवर कोरीवकाम, बसायला जागा. उन्हाळ्यात आत गेलं की बाहेरचं ऊन खोटं वाटतं.

पायऱ्या आहेत, खोटं बोलणार नाही. पण रुंद आहेत, आणि महालापर्यंतच उतरायचंय. आजींना मधल्या दालनात बसवा. आमच्या घरच्या नव्वदीच्या आजेसासूबाई गेल्या वर्षी उतरल्या होत्या.

रानजाई

लिंब झालं की पाटेश्वर. देगावच्या डोंगरावर. तिथल्या शिवलिंगांसारखी लिंगं कुठे पाहिली नसतील. एकावर शेकडो बारीक कोरलेली, नाना आकारांची. चढण आहे, त्यामुळे सासूबाईंशिवाय.

गोडोलीचा_गडी

म्हंजे सोमवारी अबोला.

मी_सदर_बझार

रयत शिक्षण संस्थेच्या आवारातल्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या समाधीलाही जा एकदा, सपाट रस्ता, पायरी नाही. काले गावात १९१९ ला संस्था सुरू केली, १९२४ मध्ये साताऱ्यात आणली. वसतिगृहातल्या पोरांना जेवू घालायला लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. बोर्डिंगला शाहू छत्रपतींचं नाव द्यायला १९२७ मध्ये गांधीजी इथे आले होते. आणि हे शाहू कोल्हापूरचे. वहिनी, तुमच्या अमरावतीकरांना समजावताना गोंधळ नको.

बिऱ्हाडकरू

अमरावतीला आधीच कळवून झालंय की आम्ही गावठाणात नाही, कॉलनीत राहतो. सासूबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, आणि लगेच पुढे, "पण खिडकीतून आजमतारा दिसतो."

येत्या रविवारी लिंब. आमच्या गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. करंजेकर काका, जुनं दप्तर सर, येणार का? सकाळी साडेसहाला पोवई नाक्यावर, पुतळ्यापाशी.

जुनं_दप्तर

येतो. सासूबाईंना सांगा, ग्रँट डफबद्दल त्यांचे उरलेले प्रश्न लिहून आणा.

करंजेकर

मीही. विहिरीच्या मोटा मोजायच्या आहेत. बारा म्हणतात, पण जागा पंधरा आहेत असं ऐकलंय.